उचललेली जमीन

सकाळी कॉम्प्युटरवर फाइल उघडली, तर लाल रंग नव्हता.

मृणालीने चष्मा काढून ओढणीला पुसला, पुन्हा घातला. नव्हताच. तिने आखलेलं घर होतं तसं होतं, उतारावर अंग चोरून बसलेलं, आणि त्याच्या डोक्यावर ती चारी बाजूंनी काचा असलेली खोली, जिने गेले कित्येक आठवडे तिचं डोकं पोखरलं होतं. त्या खोलीचं छप्पर काल दुपारपर्यंत लालभडक होतं. आज कौलाच्या रंगाचं, शहाण्यासारखं. तिने प्रतिमा फिरवून पाहिली, खालून पाहिली, खाडीच्या बाजूने पाहिली. कुठेही लाल ठिपका नाही. तिला आधी जे वाटलं ते फक्त सुख होतं, दुखरा दात सकाळी उठल्यावर अचानक दुखत नसावा तसं. आणि मग लगेच, दातावरून जीभ फिरवावी तशी ती सगळीकडे चाचपत बसली, की हे दुखायचं थांबलं कसं.

पूर्णगडच्या खाडीवरचा तो उतार. किनाऱ्याजवळच्या त्या पट्ट्यात घर नऊ मीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढाच नियम. सपाट जमिनीवर तो कुणालाही कळेल. पण उतारावर नऊ मीटर मोजायचे कुठून? वरच्या कडेपासून, की खालच्या? मंजुरीच्या ऑफिसातले आधीचे साहेब म्हणाले होते, "सरासरी धरा." त्यांची बदली झाली आणि आलेल्या बाई म्हणाल्या, "सरासरी कसली? भिंत जिथे, तिथली मूळ जमीन." दोघांचाही सूर एकच, की एवढंसुद्धा तुम्हाला कळत नाही. म्हणून मृणालीने सॉफ्टवेअरमध्ये जमिनीचीच एक प्रत काढली आणि ती अख्खी नऊ मीटर वर उचलून ठेवली. खाली उतार तिथे वर उतार, खाली खळगा तिथे वर खळगा, अशी हवेत पसरलेली पारदर्शक चादर. घराचा जो भाग त्या चादरीतून वर डोकं काढेल तो लाल दिसायचा. वाद नाही, सरासरी नाही. ही युक्ती तिला स्वतःलाच इतकी आवडली होती, की तिने नवऱ्याला, ऋत्विकला, हाक मारून मुद्दाम दाखवली. तो म्हणाला, "मच्छरदाणीसारखं आहे," आणि चहा ठेवतेस का म्हणून विचारलं.

आणि त्या मच्छरदाणीतून विनोद मयेकरची खोली सारखी बाहेर यायची. विनोद बोटीवर चीफ इंजिनिअर. कधी सिंगापूर, कधी आफ्रिकेचं कुठलं तरी बंदर, आणि फोन मात्र नेमका मृणाली कुकरची शिटी मोजत असताना. त्याचा आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहायची. "मॅडम, तेवढी लाल टोपी काढा ना," तो म्हणायचा. टोपी काढायची, म्हणजे खोली काढायची. खोली काढायची नाही. आईसाठी आहे. सुरूच्या बनापलीकडे दर्या आहे, तो आईला बसल्या जागेवरून दिसला पाहिजे. बरं, मग मजल्यांची उंची कमी करू? नको, बुटकं वाटेल. छप्पर सपाट करू? नको, कौलं पाहिजेत, कोकणातलं घर आहे. मग घर उतारावर थोडं खाली सरकवू? नको, गाडी दारापर्यंत आली पाहिजे. त्याला कौलं पाहिजे होती, खोली पाहिजे होती, गाडी पाहिजे होती, आणि शिवाय सगळं कायद्यात बसवून पाहिजे होतं, कारण तो सरळ माणूस होता. सरळ माणसांइतकं कुणी छळत नाही, असं मृणालीचं मत होत चाललं होतं. रोज ती कुठे तरी वीतभर कापायची, रोज लाल रंग वीतभर सरकून दुसऱ्या कोपऱ्यात उगवायचा. रात्री डोळे मिटले की पापण्यांच्या आतसुद्धा लाल.

आणि आज तो नाही. काल ती काय करून उठली होती? गॅसवाला आला होता, बेल वाजत होती. त्याआधी समर्थचा मेल. समर्थ म्हणजे विनोदचा चुलतभाऊ, बांधकामाचा कंत्राटदार, विनोद बोटीवर असताना इथलं सगळं त्याच्या हातात. 'जुन्या सर्व्हेत चूक होती मॅडम, नवीन पाठवतोय, तोच वापरा.' तिने तो उभ्या उभ्या जोडला होता आणि कॉम्प्युटर बंद करून दार उघडायला गेली होती. आता तिने जुनी जमीन शोधून काढली आणि नव्या जमिनीवर ठेवली. वरच्या रस्त्याकडे दोन्ही एकावर एक बसत होत्या. खालच्या बाजूला मात्र नव्या जमिनीला पोट आलं होतं. चांगलं पुरुषभर उंच, गर्भार बाईसारखं पुढे आलेलं. घर तिळभरही हललं नव्हतं. जमीन वर आली होती, आणि जमिनीला बांधलेली ती चादर इमानेइतबारे तिच्यामागोमाग वर गेली होती.

म्हणजे युक्तीला काहीच कळत नव्हतं. तिला ज्या जमिनीवर बसवलं तीच तिची मूळ.

"भरणी केली हो," समर्थ फोनवर म्हणाला. मागे कसलं तरी मशीन घरघरत होतं. "जांभ्याचा चुरा, माती. साइट लेव्हल नको करायला?"

"आणि भरणी झाल्यावर सर्व्हे केलात?"

"आता जी जमीन आहे तिचाच सर्व्हे होणार ना मॅडम? नसलेल्या जमिनीचा कसा करायचा?"

"मूळ जमीन म्हणतात तिला. ती होती. मी पाहिलीय."

"मूळ मूळ काय घेऊन बसलात! मूळ म्हटलं तर इथे परशुरामाच्या आधी समुद्र होता. तुमचा लाल रंग गेला की नाही? मग झालं तर."

तिने फोन ठेवला आणि लक्षात आलं, की आपण रागावलेलो आहोत, पण राग समर्थवर नाही. राग त्या सकाळच्या सुखावर होता. लाल नाही म्हटल्यावर आत काहीतरी चटकन सैल झालं होतं, आणि अजूनही, सगळं कळल्यावरही, ते पूर्ण आवळलं गेलं नव्हतं. ड्रॉइंग तयार आहे. सही करायची, पाठवायचं. कुणी विचारणार नाही. जुना सर्व्हे पाहिलेलं माणूस ती एकटीच. तिने स्कूटरची किल्ली घेतली ती काही ठरवून नाही. घरात बसवेना म्हणून.

पावस गावावरून पुढे रस्ता उन्हात वितळल्यासारखा दिसत होता. मे महिन्यातली दुपार, आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो, कापलेल्या कातळाची लाल धूळ ओठांवर. तिला धुळीचीही चीड आली. साइटवर पोचून ती वरच्या रस्त्यावर उभी राहिली आणि क्षणभर तिला वाटलं आपण चुकीच्या जागी आलो. रातांब्याची बुटकी झाडं होती उताराच्या मध्यावर, ती गळ्यापर्यंत मातीत होती. शेंडे तेवढे वर, तशातही त्यांना फळं होती, पिकून लाल झालेली. माती सैल होती. पाय टाकला की घोट्यापर्यंत जायचा. तिच्या खालच्या टोकाला सुके दगड रचलेला जुना गडगा होता, तो पुढे कलला होता, आणि त्याच्या पलीकडे, अगदी लागून, एका घराची कौलं होती. मृणालीच्या मॉडेलमध्ये त्या जागी एक करडा ठोकळा होता. शेजारचं बांधकाम. ठोकळ्याला तिने दार काढलं नव्हतं.

दार होतं. ते उघडायला आतून कुणीतरी खांदा मारत होतं. दोनतीन धक्क्यांनंतर ते एकदम उघडलं आणि एक हडकुळी, सावळी बाई पदर सावरत बाहेर आली. तिचं नाव कमळा. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला, स्वतः खाडीवरच्या बाजारात सुकी मासळी विकणारी. मृणालीने आपण कोण ते सांगितल्यावर तिने आधी तिला पाणी दिलं आणि मग दाराकडे हात केला.

"ह्या दाराचा काय करायचा सांगा तुमी. माती टाकल्यापास्ना अडताय. समर्थाला बोललंय मी. तो बोलला सुतार धाडतो, रंधा मारून देतो."

रंधा. त्या शब्दाबरोबर मृणालीच्या नाकात लाकडाच्या भुशाचा वास आला, ओल्या दिवसातला, आंबूस. अलोऱ्याची कॉलनी. कोयना प्रकल्पाची क्वार्टर्स, डोंगर कापून केलेल्या पायऱ्यांवर ओळीने मांडलेली, सगळी एकाच उंचीची, एकाच पिवळ्या रंगाची. शेजारी चिमामावशी. त्यांच्या स्वयंपाकघराचं मागचं दार एका जुलैत लागेनासं झालं. लाकूड फुगलंय, सगळे म्हणाले. पावसाळ्यात फुगतंच. बाबांनी रविवारी रंधा घेऊन दाराची कड काढून दिली, भुसा पावसाच्या पाण्यावर तरंगत गटारात गेला, छोटी मृणाली तो गोळा करत होती. मग दार पुन्हा अडलं. पुन्हा रंधा. चिमामावशी हसून म्हणाल्या, "आता दाराची खिडकी होईल हो." आणि एका दुपारी मागचा डोंगर सावकाश, अगदी सावकाश, आवाज न करता, पीठ मळताना परातीबाहेर येतं तसा त्या स्वयंपाकघरात आला. कुणी मेलं नाही. चिमामावशींचा एक पाय चुलीच्या कट्ट्याखाली सापडला तो पुढे कधी नीट झाला नाही, त्या कॉलनी सोडून गेल्या. लहानपणी मृणालीला त्या पायाची भीती वाटायची. मोठेपणी वाटत आली ती त्या रंध्याची. दार सांगत होतं आणि सगळे मिळून दारालाच तासत होते, हसत हसत, चांगुलपणाने. आणि आपण? आपणही वीतवीत कापतच बसलो होतो की. आपलं ड्रॉइंग गेलं की समर्थचा सुतार येणार.

"कमळाबाई, ह्या मागच्या खोलीत झोपता तुम्ही?"

"मग काय! वारा हितंच येतो ना."

"आजपासून पुढे झोपा. पडवीत झोपा, पण इथे नको."

कमळाने वर मातीकडे पाहिलं, मृणालीकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. तिला ते ठाऊक होतं, हे मृणालीला तिच्या न विचारण्यावरून कळलं.

रस्त्याकडेच्या काजूखाली उभं राहून तिने विनोदला फोन लावला. लागला, हेच आश्चर्य. तिने एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून आधी तिच्याच शेवटच्या शब्दांचा प्रतिध्वनी आला, मग तो.

"समर्थ बघतोय ना मॅडम सगळं? भिंत बांधणार आहे तो तिथे. चांगली काँक्रीटची. पावसाळ्यानंतर."

"पावसाळ्यानंतर! मग पावसाळ्यात काय करायचं? मातीला थांब म्हणून सांगायचं?"

"तुम्ही टेन्शन नका घेऊ. तुमच्या ड्रॉइंगमध्ये आता काही प्रॉब्लेम नाही ना?"

"ड्रॉइंगमध्ये कधीच प्रॉब्लेम नव्हता, विनोद! जमिनीत आहे."

"आईसाठी करतोय हो मी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान मुलाचा झाला. "मी नसतो तिथे. तेवढा दर्या तरी..." आणि रेंज गेली. हा माणूस आपला रागसुद्धा धड येऊ देत नाही, ह्याने ती आणखी चिडली.

दुसऱ्या दिवशी ती मंजुरीच्या ऑफिसात गेली. बाईंनी दोन्ही जमिनी नीट पाहिल्या, मान डोलावली, आणि म्हणाल्या, हे बरोबर नाही. पण अर्ज कुठे आहे? अर्जच आला नसेल तर नामंजूर काय करायचं? "तुम्ही हे ड्रॉइंग सबमिट करा. मग आम्ही नाकारतो."

"म्हणजे खोट्या जमिनीवर मी सही करायची, तुम्ही ते खोटं आहे म्हणून सांगावं म्हणून?"

"प्रोसिजर तशी आहे," बाई म्हणाल्या. वाईट नव्हत्या. त्यांनी भरणीची तक्रार करायला गावाच्या ऑफिसचा रस्ता सांगितला, मृणालीने तक्रार दिलीही, आणि तिथल्या माणसाने पाहणीला पुढच्या महिन्यात येऊ म्हटलं. पुढचा महिना म्हणजे जून. जिन्यावर उभी राहून तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण एक ओळखीचे वकील वर येत होते, त्यांना नमस्कार केला.

मग उरली हौसाकाकी. विनोदची आई. इतक्या आठवड्यांत मृणाली तिला दोनदाच भेटली होती, तीही चहाच्या कपामागून. साइटच्या वरच्या अंगाला त्यांचं जुनं बसकं घर होतं. संध्याकाळी ती पोचली तेव्हा काकी ओट्यावर बसून आमसुलं उलटीपालटी करत होती. पांढरे केस, रुंद हाडाची, बोटं रसाने जांभळी. मृणालीने लॅपटॉप उघडला, बंद केला. तो उघडून काय दाखवायचं होतं? ती नुसतं बोलली. ही खोली, एवढी उंच. नियम एवढा. तो बसावा म्हणून माती. माती गडग्यावर. गडग्याखाली कमळाबाई.

काकीचे हात थांबले. "खोली? कसली खोली?"

"तुमची. वरची. दर्या दिसेल अशी."

"मना कुणी बोललान नाय." तिने हातातलं आमसूल परत ठेवलं. "मना वाटला, माती बागेसाठी टाकलीन. रातांबे कशाला पुरलान, ता काय कळेना." मग अगदी साधेपणाने, "एवढी माती, ती माझ्या खोलीसाठी?"

"हो."

"आणि पाऊस लागला तर?"

काकीने हात पदराला पुसले, गुडघ्यावर जोर देऊन उठली, आत गेली. आत पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा काखेत वाकळ होती आणि एका हातात तांब्या. दाराला कडी घातली.

"काकी, कुठे निघालात?"

"कमळेकडं. निजायला. तिच्या मागल्या खोलीत." ती पायवाटेने उतरायला लागली, आडवे आडवे पाय टाकत. "विन्याला सांग. आयस कुठं निजते ती सांग त्याला. माती काडलीस की वर येयल म्हणावं."

"अहो पण तिथे धोका आहे म्हणून तर मी..."

"म्हणून तर जातंय गो!" काकी न वळता ओरडली. "तुजा पण डोका कामात येत नाय कधी कधी."

मृणाली तिच्यामागे धावली, काकुळतीला आली, कमळाही आली. कुणाचं चाललं नाही. काकीने त्या अडणाऱ्या दाराशीच वाकळ पसरली आणि कमळेला पडवीत हाकललं. मृणालीने तिथूनच विनोदला मेसेज केला, फोटो जोडला: वाकळ, तांब्या, दारातून दिसणारी माती. आणखी काही लिहिलं नाही. नुसता संताप होता, आणि संतापाच्या खाली एक विचित्र हलकेपणा, की आता हे आपल्या हातातून गेलं.

पुढचे दिवस तिचा फोन थांबेना. विनोद कुठल्या बंदरातून बोलायचा कोण जाणे, पण रेंज आता कधीच जात नव्हती. आधी त्याने मृणालीला दोष दिला, मग समर्थला, मग आईला. "तिला समजवा ना मॅडम. मी समर्थला ताडपत्री टाकायला सांगतो." आई ताडपत्रीने हलली नाही. समर्थ स्वतः जाऊन काकीच्या पाया पडला. काकीने त्याला चहा पाजला, आणि दार उघडायला सांगितलं. त्याला ते उघडेना. त्याने खांदा मारला, घामाघूम झाला, शेवटी उघडलं, आणि समोर मातीचा कडा. म्हणे तो तिथे बराच वेळ उभा होता. मृणालीला हे कमळाने सांगितलं. समर्थने तिला फोन करून एवढंच म्हटलं, "उद्यापासून डंपर लावतो. जुना सर्व्हे आहे ना तुमच्याकडे? लेव्हल तुम्हीच दाखवा." आवाजात राग ठासून भरला होता. तिलाही त्याच्याशी गोड बोलायची इच्छा नव्हती. पण ती दोघं त्या धुळीत शेजारी उभी राहून माती खाली खाली जाताना बघत राहिली. रातांब्याची खोडं मोकळी झाली तेव्हा सालीवर पांढरट ओल होती, गुदमरल्यासारखी. जगतील की नाही कुणालाच सांगता येईना. गडगा उतरवून पुन्हा रचला, जाड बुडाचा, पाणी जायला वाटा ठेवून.

माती गेली. आभाळ भरून येऊ लागलं. आणि हौसाकाकी वर गेलीच नाही.

"आता काय झालं तिला?" विनोद जवळजवळ रडकुंडीला येऊन विचारत होता. "सगळं काढलं ना? मॅडम, प्लीज, एकदा जाऊन या." मृणालीने देवाला, बोटींना आणि वास्तुविद्या नावाच्या शास्त्राला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि गेली. दोघी पडवीत बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या आणि एकाच वेळी बोलत होत्या, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. मृणालीने व्हिडिओ कॉल लावून फोन काकीपुढे धरला.

"आये, घरी जा ना आता."

"जायन. काय घाई हाय?"

"वरची खोली होत नाही म्हणून रागावलीस? मी करतो काहीतरी. दर्या दिसेल असं करतो, तू..."

"दर्याचा काय मेल्या लावलंस!" काकी म्हणाली. ती रागावली नव्हती, दमली होती. "तुजा बापूस होडीवर, तू बोटीवर. लग्न झाल्यापास्ना त्या दर्याकडं बघतंय मी. कोण येताय, कोण नाय. आता म्हातारपणी काचेच्या खोलीत बसवून पुन्ना तोच बघायला लावतंस?"

फोनमध्ये विनोदचा चेहरा होता आणि तो हलत नव्हता. मृणालीला वाटलं रेंज गेली. मग त्याच्या पापण्या लवल्या. कमळा सोडे निवडायची थांबली होती. शेवटी तो म्हणाला, "ठेवतो, आये. ड्यूटी आहे," आणि तरीही फोन ठेवला नाही, तसाच बघत राहिला. काकीनेच बोट लावून बंद केला.

मृणाली खाली बसली. इतके आठवडे, इतके फोन, ती चादर, तो लाल रंग, वीतवीत कापणं. एका बाईसाठी एक खोली, आणि त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही. चिडायला आता स्वतःशिवाय कुणी शिल्लक नव्हतं, आणि तेवढी ताकदही उरली नव्हती.

"मग काकी, तुम्हाला काय पाहिजे घरात?"

हौसाकाकीने सोड्यांची परात बाजूला केली आणि विचार करू लागली. चांगला वेळ घेतला. हा प्रश्न नवा असावा.

"एक दार ठेव," ती म्हणाली. "हिकडच्या अंगाला. कमळेच्या घराकडं उघडणारा."

तिकडच्या अंगाला मृणालीने न्हाणीघरं काढली होती, पाइप, टाकी, सगळी पाठ. म्हणजे अख्खं घर फिरवायचं. म्हणजे पहिल्यापासून. ती त्राग्याने काही बोलणार, तोवर काकीने बोट उचललं.

"आनि पायरी एकच. माझं गुडघं नाय चालत."

"एकच पायरी?" मृणाली ओरडलीच. "काकी, मधे अख्खा उतार आहे!"

"मग?" हौसाकाकीने परात पुन्हा पुढ्यात ओढली. "तू शिकलंस कशाला?"